शब्द येईपर्यंत थांबा

होळी झाली की भद्रावतीत घरोघरी माळ्यावरचे कूलर खाली येतात. आमचाही काल आला. माझ्या मुलानं, मिलिंदनं, त्यातलं जुनं गवत काढून नवं भरलं, मोटर चालवून पाहिली, आणि त्या घरघरीसरशी मागचा अख्खा उन्हाळा माझ्या अंगावर धावून आला. तेव्हाच ठरवलं, हे एकदा लिहून टाकायचं. ऊन लागून शब्द पळालेला मी काही एकटाच नसेन. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत दर उन्हाळ्यात माणसं उन्हानं पडतात, ताप उतरला की घरचे म्हणतात, सुटलो. त्यानंतरचं कुणी सांगत नाही. ते मी सांगतो, जमेल तसं आणि सुचेल त्या गतीनं.

आधी माझं काम सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टर होतो. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी नाटकं लागतात, आणि वडसा गावची नाटक मंडळं ती घेऊन फिरतात. नट आज एका गावात एक नाटक करतो, उद्या दुसऱ्या गावात दुसरं. त्याला सगळं पाठ कुठून असणार? म्हणून विंगेत स्टुलावर एक माणूस पुस्तक घेऊन बसतो आणि पुढचं वाक्य हळूच त्याच्या कानावर टाकतो. नटाला ऐकू जावं आणि पहिल्या रांगेला जाऊ नये, असा आवाज कमवायला माझी अर्धी हयात गेली. माझी बायको होती तेव्हा म्हणायची, तुम्ही घरातही कुजबुजता, भांडताना तरी मोठ्यानं बोलत जा.

खिशातला कांदा

मागच्या मे महिन्यात सिंदेवाहीला भाचीचं लग्न होतं. लग्न सकाळचं ठरलेलं, वरात आली भर दुपारी. मी मुलीचा मामा, म्हणजे रस्त्यावर उभं राहून पाहुणे उतरवून घेणं आलंच. डोक्याला दुपट्टा बांधला होता, खिशात कांदा ठेवला होता. खिशात कांदा असला की ऊन लागत नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. उन्हाला तेवढं माहीत नव्हतं. बँडवाल्यांनी दुसरं गाणं धरल्याचं आठवतं, त्यानंतरचं नाही.

डोळे उघडले तेव्हा मी चंद्रपूरच्या दवाखान्यात होतो. अंगावर ओली चादर, काखेत बर्फ, हाताला सुई. समोर एक डॉक्टरबाई उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात माझ्याच सदऱ्याच्या खिशातून निघालेला कांदा होता.

"काका, हे काय आहे?"

मला सगळं दिसत होतं. वाफ्यातली पात, बायकोच्या विळीवर पडणारे काप, भाकरीसोबत बुक्कीनं फोडलेला तो. नाव तेवढं येत नव्हतं. जीभ होती, आवाज होता, नाव नव्हतं. मी म्हणालो, "ते लग्नातलं आहे." बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. पायथ्याशी उभ्या असलेल्या मिलिंदला राहवलं नाही.

"कांदा, बाबा. कांदा होय तो."

मला इतका राग आला की काय सांगू. आयुष्यभर मी लोकांना शब्द दिले, आणि आता माझा पोरगा मला कांदा देत होता.

मग बाई मिलिंदला पडद्यापलीकडे घेऊन गेल्या. प्रॉम्प्टरचे कान पडद्याला थोडेच अडतात? त्या म्हणत होत्या, ऊन डोक्याला लागलं आहे, अंग सावरेल, बोलण्याचं आज सांगता येत नाही, काही परत येईल, काही कदाचित येणार नाही. उन्हाळाभर त्यांना उन्हात जाऊ देऊ नका, आणि रिकामं बसू देऊ नका. रोज डोक्याला थोडं थोडं काम द्या.

मरणाची भीती मला नंतर वाटली. त्या घडीला एकच विचार आला, की दिवाळीला माझ्या स्टुलावर कोण बसेल.

शेजारची खाट

दवाखान्यातले दिवस सगळे सारखे. सकाळी ताप, मग सलाईन, मग झाडूवाली, मग बाईंचे तेच प्रश्न: नाव काय, गाव कोणतं, आज वार कोणता. नाव आणि गाव मी सांगायचो. वार कधीच बरोबर आला नाही. पण खरं सांगू का, त्या वॉर्डात वार कोणालाच माहीत नव्हता, विचारत फक्त मला होते.

मिलिंदची फॅक्टरीतली ड्युटी, सून सुजाता भद्रावतीच्या दवाखान्यात नर्स. दोघं आळीपाळीनं येत, पण दिवसाचा बराच वेळ मी एकटा छताकडे पाहत असे. शेजारच्या खाटेवर एटापल्लीकडचा एक गोंड म्हातारा होता, तेंदूपत्ता तोडताना जंगलात पडलेला. त्याची बायको खाली बसून राही. तिला मराठी बेताचंच येत होतं आणि मला तेव्हा कोणतीच भाषा धड येत नव्हती, त्यामुळे आमचं छान जमलं. ती नवऱ्यासाठी पंचा ओला करी, आणि न विचारता दुसरा ओला करून माझ्या डोक्यावर ठेवी. त्यांना घरी सोडलं त्या दिवशी ती हात जोडून "सेवा" म्हणाली, तो त्यांचा रामराम. माझ्या तोंडून लगेच निघालं, "सेवा."

शोधावा न लागता आलेला तो माझा पहिला शब्द. ती गेल्यावर मी तोंडावर चादर घेऊन रडलो.

चिठ्ठ्या

वडशाच्या माझ्या खोलीला कुलूप घालून मला भद्रावतीला मिलिंदच्या क्वार्टरवर आणलं. सुजातानं माझ्यासाठी घर तयार करून ठेवलं होतं. फ्रीजवर चिठ्ठी, 'फ्रीज'. खिडकीवर 'खिडकी'. मीठ, साखर, बादली, आरसा, सगळ्यावर ठळक अक्षरात नावं. पोरीनं कामावरून येऊन जागून ते केलं होतं. आणि मी काही शोधायला लागलो की दोघं तत्पर. मी "ते जरा" म्हणालो की एकाकडून "चष्मा का?", दुसरीकडून "पाणी का?"

आठवडाभर सहन केलं. मग एका सकाळी मी सगळ्या चिठ्ठ्या काढून सुजाताच्या हातात दिल्या. ती पाहतच राहिली.

"मी तुमच्यासाठीच करून राह्यली होती ना, बाबा."

"माहीत आहे मले. पन शब्द नको देऊ."

"मंग काय करू? तुम्ही अडकले की मले पाहवत नाई."

मला तिला पुष्कळ सांगायचं होतं, तेव्हा जमलं नाही. पुढे दोन-तीन दिवस घेत तुकड्या-तुकड्यानं सांगितलं, ते इथे नीट लिहितो, कारण ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांच्या कामाचं आहे.

नट गप्प होतो ते दोन कारणांनी. एक तर तो विसरलेला असतो, नाहीतर वाक्याला जागा देत असतो. विसरलेल्याला शब्द उशिरा दिला तर तो बुडतो. जागा देणाऱ्याला शब्द लवकर दिला तर त्याचं वाक्य मरतं, आणि पुढच्या वेळी तो स्वतः शोधायचंच सोडून देतो, तुमच्या तोंडाकडे कान लावून बसतो. मी कितीतरी चांगले नट असे पांगळे झालेले पाहिले आहेत. मला तसं व्हायचं नव्हतं.

मग ओळखायचं कसं, असं मिलिंदनं विचारलं. मी म्हणालो, नजरेवरून. विसरलेला नट कधीच विंगेकडे पाहत नाही. चोरी उघडी पडेल म्हणून त्याची नजर छताकडे, पेटीवाल्याकडे, कुठेही पळते. ज्याची नजर सरळ विंगेत येते, त्याला पुढचं येत असतं. तो फक्त पाहत असतो, आपला माणूस तिथे ठीक आहे ना.

त्या दिवसापासून घरात नियम झाला, बाबांना शब्द द्यायचा नाही, थांबायचं. नियम माझाच होता, तरी तो मला जड गेला. जेवताना मी एक वाक्य सुरू करायचो आणि भाजी गार व्हायची. दोघं ताटात पाहत थांबायची. हळूहळू ती मला प्रश्नच कमी विचारू लागली, टीव्हीचा आवाज थोडा वाढला. कोणी वाईट वागलं नाही. पण त्या दोन माणसांच्या मधोमध बसून मी विहिरीत बसल्यासारखा एकटा होतो.

दुपारची कामं

सकाळी दोघं कामावर गेली की संध्याकाळपर्यंत मी आणि कूलर. नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, सुरू झाला होता. बाहेर वसाहतीच्या रस्त्यावर कुत्रंही दिसत नसे, दारांना वाळ्याच्या ओल्या टट्ट्या, लूच्या गरम वाऱ्याचा आवाज. अशा दुपारी माणूस झोपून राहतो. पण झोपून उठलो की सकाळी सापडलेले शब्दही गायब असायचे, म्हणून मी झोप सोडली आणि स्वतःला कामं लावून घेतली.

सुरुवात जे शाबूत होतं तिथून केली. बुद्धवंदनेत मी अडखळतच नव्हतो. एकदा सुरू केली की थेट शेवटापर्यंत जात असे, जणू ती दुसऱ्याच कोणाच्या तोंडून येत होती. म्हणून दिवस तिच्यापासून सुरू. तुमचंही असं काहीतरी शाबूत असेल, पाढे, आरती, शाळेतली प्रार्थना. आधी ते शोधा, त्यानं धीर येतो.

मग कूलरची टाकी भरायची. बादली नळाखाली ठेवली की ती भरेपर्यंत एका जातीच्या वस्तूंची नावं मोठ्यानं घ्यायची, आज भाज्या, उद्या झाडं, परवा नातेवाईक. पहिल्या दिवशी बादली भरून वाहू लागली तरी माझी गाडी वांग्यावरच अडली होती. संध्याकाळी सुजातानं फरशी पुसून घेतली.

जरा वेळानं कैरीचं पन्हं. प्रत्येक पायरी करायच्या आधी बोलायची, मगच हात लावायचा: आता कैरी उकडतो, आता गर काढतो, आता गूळ. बोलता आलं नाही तर पुढे जायचं नाही. एकदा 'वेलदोडा' हा शब्द येईना म्हणून मी गॅसपाशी उभा राहून इतका घामेजलो की शेवटी हट्ट सोडला आणि बिनवेलदोड्याचं पन्हं प्यालो. तो शब्द संध्याकाळी आला, पाय धुताना, बोलावलं नसताना. हेही सांगून ठेवतो: भर उन्हाच्या वेळेला अवघड काम काढू नका. तापल्या डोक्याला हट्ट मानवत नाही. पाणी प्या, सोपं काहीतरी करा, अवघड ते सकाळसाठी ठेवा.

मिलिंदनं मोबाइलवर डोक्याचे खेळ टाकून दिले होते. रंगीत गोळ्या एका रांगेत आणा, असले. मी दोन दिवस खेळलो. जिंकलो की मोबाइल एका बाईच्या आवाजात मला शाबासकी द्यायचा. इतक्या आयुष्यात मला कोणी टाळ्या दिल्या नव्हत्या, प्रॉम्प्टरला देतच नाहीत, त्यामुळे मला ते काही मानवलं नाही.

आणि सगळ्यात शेवटी पुस्तक. लोकांना वाटतं प्रॉम्प्टरला नाटक पाठ असतं. नसतं. त्याचा डोळा कागदावर असतो, कान रंगमंचावर आणि ओठ दोघांच्या मध्ये. ही तिन्ही एका वेळी चालली पाहिजेत. माझं आता एकेक चालत होतं. वाचता येई, ऐकता येई. दोन्ही एकत्र केलं की ओठ बंद पडत. मी रेडिओवर बातम्या लावून समोर नाटकाचं पुस्तक धरायचो आणि कूलरच्या घरघरीत कुजबुजत बसायचो. बाहेरून कोणी पाहिलं असतं तर म्हातारा गेला कामातून, असंच म्हणालं असतं. कधी कधी मलाही तसंच वाटे. मग मी पुस्तक मिटून नुसता भिंतीकडे पाहत बसे आणि वाटे, मेलो असतो त्या वरातीतच तर बरं झालं असतं, निदान भाचीच्या लग्नाची गोष्ट तरी झाली असती.

कूलर बंद

एका रविवारी मी मिलिंदला म्हणालो, माझ्यासमोर उभा राहा आणि नट हो. त्यानं कपाळाला हात लावला. नाटकाचं त्याला कधीच कौतुक नव्हतं. सगळा हिवाळा बाप बाहेर, हे त्यानं लहानपणी भोगलं होतं. तरी तो उठला. कुजबूज ऐकू यावी म्हणून आधी कूलर बंद करावा लागला. पाच मिनिटांत खोलीची भट्टी झाली. मी दाराआड स्टूल घेतलं, पुस्तक उघडलं. थोरला भाऊ घर सोडून निघतो तो प्रवेश होता.

मिलिंद बोलू लागला. सरळ, थंड, ड्युटीवर हजेरी द्यावी तसा. पण मी पहिला शब्द द्यायच्या आतच त्यानं पुढचं वाक्य घेतलं. मग त्यापुढचं. त्याच्या हातात कागद नव्हता.

"तुले कसं येते हे?" मी विचारलं.

त्यानं घाम पुसला. "लहानपणी तुमच्यासंग यायचो ना सुट्टीत. विंगेच्या मागं कपड्यांच्या पेटीवर निजवत होते तुम्ही मले."

"निजत होता ना."

"नाई जी. डोळे मिटून तुमचा आवाज ऐकत पडून राहत होतो. घरी कुठी बोलत होते तुम्ही."

मला काहीच बोलता आलं नाही, आणि या वेळी दोष उन्हाचा नव्हता. तो उभा होता, घामानं बनियन चिकटलेलं, माझ्याकडे पाहत. थोड्या वेळानं म्हणाला, "घ्या बाबा, पुढं घ्या."

मग तो मुद्दाम अडकायचा, मी शब्द द्यायचो. सुरुवातीला माझा शब्द पोहोचायचा तेव्हा त्याचं वाक्य संपून गेलेलं असे. पाऊस लागला तोवर मी त्याच्या मागोमाग धावू लागलो होतो. पोळ्याला त्याच्या बरोबरीनं होतो. त्याच सुमारास वडशाहून मंडळाच्या मालकाचा, वामनभाऊंचा, फोन आला.

"दादा, दसऱ्याले तालीम लावून राह्यलो. तुमचं स्टूल ठेवलं आहे. येता का?"

मी "येतो" म्हणालो. तो शब्द कसा झटकन आला.

जायच्या सकाळी सुजातानं पन्ह्याची बाटली भरली, दुपट्टा दिला, आणि मूठ बंद करून समोर धरली. "नाव सांगा, मंग देतो."

"कांदा," मी म्हणालो. आम्ही दोघंही हसलो. त्या घरात मी मोठ्यानं हसलो ती पहिली वेळ असावी.

वडसा

आश्विनातलं ऊन मे महिन्यासारखं मारत नाही, पण चिडवतं. तालमीचा हॉल टिनाचा, पंखे गरम वारा फेकत होते. सगळे भेटले. प्रभाकर होता, आमचा मुख्य नट. मी आणि तो एकाच साली मंडळात आलो. तो पुढे उभा राहिला आणि मी मागे बसलो, इतकाच फरक. माझं स्टूल पुसून विंगेत ठेवलं होतं. मी बसलो, पुस्तक उघडलं, आणि गुडघ्यांना त्यांची जागा सापडली. वाटलं, आलो घरी.

पहिला अंक उत्तम गेला. दोनदा शब्द दिला, दोन्ही वेळा वेळेवर. वामनभाऊंनी लांबून अंगठा दाखवला.

दुसऱ्या अंकात प्रभाकरचं मोठं भाषण आहे. तो बोलता बोलता थांबला. मी कागदावर पाहिलं. पुढचा शब्द 'उंबरठा' होता. मला तो दिसत होता, अक्षर न् अक्षर. ओठ उघडले आणि आत काहीच नव्हतं. सगळा हॉल थांबला. प्रभाकरनं खांद्यावरचा शेला नीट केला. दोन पावलं चालला. त्या प्रवेशात नसलेला तांब्या उचलला आणि पाणी प्याला. मग त्यानं मान वळवली आणि सरळ विंगेत, माझ्याकडे पाहिलं. शांतपणे. पाहत राहिला.

तेव्हा कुठे तो शब्द माझ्या ओठावर आला. मी दिला. प्रभाकरनं तो असा झेलला, की जणू बुडताना हात मिळाला. वाक्य टिपेला नेलं, हॉलमधल्यांनी टाळ्या वाजवल्या. "वा दादा," वामनभाऊ म्हणाले, "जमते की."

अंक संपल्यावर मी पुस्तक मिटलं आणि त्यांना म्हणालो, दुसरा माणूस पाहा.

"काऊन जी? चांगलं तर जमलं."

मी पुस्तक त्यांच्या हातात दिलं. प्रभाकर चहाचा कप घेऊन लांब उभा होता, तो माझ्याकडे पाहत नव्हता. मी दुपारच्या बसनं निघालो. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, प्रत्येक स्टँडचं नाव मी पाटी दिसायच्या आधी घेतलं, एकही चुकलं नाही. आणि ते ऐकायला शेजारी कोणी नव्हतं. इतका एकटा मी कूलरपुढेही नव्हतो.

भद्रावती स्टँड

चंद्रपूरला गाडी बदलली. भद्रावतीला उतरलो तर मिलिंद उभा होता. पिशवी घ्यायला त्यानं हात पुढे केला.

"जमलं का, बाबा?"

मी बोलायला गेलो आणि अडकलो. मागे बस रिकामी झाली, कंडक्टर चौकशीच्या खिडकीकडे गेला, चहावाल्यानं आमच्याकडे एकदा पाहिलं. मिलिंदनं शब्द दिला नाही. तो थांबला. पिशवीचा एक बंद त्याच्या हातात होता, एक माझ्या.

"प्रभाकर थांबला," मी शेवटी म्हणालो. "भाषणात."

"मंग?"

"सरळ विंगेत पाहून राह्यला होता."

सरळ विंगेत पाहणाऱ्याला पुढचं येत असतं, हे मिलिंदला मीच शिकवलं होतं. त्याला सगळं कळलं. त्यानं माझ्या हातातला दुसरा बंदही काढून घेतला.

"चला घरी," तो म्हणाला. "थोरला भाऊ घर सोडते, त्याच्या पुढचा प्रवेश मले नाई येत. तो तुम्हालेच द्या लागते."